परतीची वेळ साडेचार

देवघरातले देव चिंचेनं घासायला काढले होते. निम्मे घासून-पुसून पाटावर मांडले होते. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, दोन निरांजनं अन् घंटी अजून परातीत चिंचेच्या कोळात पडून होती. हात मनगटापर्यंत चिकट. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

"वहिनी, हाय का घरात?"

सटवाजीभाऊंचा आवाज. ह्यांच्या कचेरीतले शिपाई. हे आवक-जावकच्या टेबलावर बसतात, सटवाजीभाऊ साहेबांच्या दाराशी स्टुलावर. पूर्णेत आमची घरंही दोन गल्ल्यांच्या अंतरावर. पण रविवारी सकाळी ते कधी कुणाच्या घरी जात नाहीत, म्हणून मी तशीच उठले.

"बसा भाऊ, हात धुऊन येते."

"धुवा निवांत. देवाचं काम हाय. माझं कागदाचं हाय, त्ये थांबतंय."

कागदाचं काम थांबणारं नव्हतं. त्यांच्या हातातल्या पिशवीत कारणे दाखवा नोटीस होती अन् तिचा खुलासा बुधवारपर्यंत द्यायचा होता. पण ते सांगायच्या आधी सटवाजीभाऊ कोण, ते लिहिते. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्यांचं घर मेंढरांचं. वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठानं निघायचे ते मिरगाच्या तोंडाला परत यायचे. संध्याकाळी जाळीच्या तोंडाशी उभं राहून मेंढरं आत घेताना मोजायची, हे काम सात-आठ वर्षांचे असल्यापासून सटवाजीभाऊंकडं. जोडीनं मोजायची. एक जरी कमी भरलं तरी भाकरीला हात लावायचा नाही, आधी शोधायला जायचं. एकदा पाय दुखत होते म्हणून त्यांनी एक कमी असताना "बराबर हायेत" म्हणून सांगितलं. सकाळी बाभळीखाली नुसती लोकर सापडली. "बाप मारला न्हाई वहिनी," ते सांगतात, "पर त्या दिवसापासून मी मोजलं की मागून सोता बी मोजायचा. मला दिसंल असा उभा राहून मोजायचा."

सातवी पास झाले अन् कचेरीत रोजंदारीवर लागले. पाच वर्षांनी कायम झाले. त्यांची कायम करायची फाइल बन्सीधरराव नावाच्या कारकुनानं लावून धरली होती. ते आता तिथले मोठे बाबू आहेत. ही गोष्ट सटवाजीभाऊ विसरले नाहीत अन् बन्सीधररावही त्यांना विसरू देत नाहीत.

कचेरी पावणेदहाची. शिपायानं साडेनऊला उघडायची. सव्वानऊला सटवाजीभाऊ कुलपाशी उभे. अंगात खाकी, डोक्यावर टोपी. टोपी घालणारे आता सगळ्या कचेरीत ते एकटेच. दहा वाजून दहा मिनिटांनी हजेरीपट उचलून साहेबांच्या खोलीत नेऊन ठेवायचा, हा नियम. तो ज्या साहेबांनी सांगितला होता ते बदलून जमाना झाला, पण नियम चालू. मग कुणी जिन्यावर असो की सही करायला पेनाचं टोपण काढलेलं असो. पूर्णा पडली रेल्वेचं गाव, म्हणून कचेरीतले लोक त्यांना 'फाटकवाले' म्हणतात. फाटक एकदा पडलं की मग लग्नाची वरात असो की मयत.

भेटायला येणाऱ्यांच्या चिठ्ठ्याही आल्या क्रमानंच आत जायच्या. एकदा त्यांचा सख्खा मेव्हणा दोन तास बाकड्यावर बसून होता. म्हाळसाबाई, म्हणजे त्यांची बायको, अजून माहेरच्या कुठल्याही कार्यात ते ऐकवते. कुणी चहा पाजायला लागलं तर भाऊ हात जोडतात. म्हणतात, "चहा पोटात गेला की त्याची चिठ्ठी आपोआप वर येती." दुपारी जेवणानंतर मात्र स्टुलावर ताठ बसून, डोळे अर्धे उघडे ठेवून झोप काढतात. हे सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळात चिठ्ठी दिली तर ती कुठं जाईल सांगता येत नाही.

असा माणूस. चौतीस वर्षांची नोकरी, सेवापुस्तकात एक वाकडी ओळ नाही. येत्या मे महिन्याच्या शेवटी निवृत्त व्हायचे आहेत.

आता येळवशीचं. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात; त्या दिवशी शेतात पांडवांची पूजा करून बोलावलेल्या सगळ्यांनी तिथंच जेवायचं.

यंदा येळवशीला कचेरी उघडी होती. आमची शेती पेडगावला, दिरांकडं. मी ह्यांना आठ दिवस आधीपासून म्हणत होते, "एक दिवस रजा टाका, घरच्या शेतात पांडव पुजून येऊ." हे म्हणाले, "डिसेंबर संपायलाय, रजा कुठली शिल्लक राहती?" म्हटलं बरं. अन् त्या शुक्रवारी अकरा वाजता हेच कचेरीतून घरी आले ते आंबिलीचं मडकं न्यायला! चुडाव्याला बन्सीधररावांच्या शेतात जेवायला जायचं होतं.

"घरच्या शेतात जायला सुटी न्हाई, अन् मोठ्या बाबूच्या शेतात जायला हाय व्हय?" मी विचारलं.

"ती सुटी न्हाई," हे म्हणाले, "कामावरच असतो आमी."

दरवर्षीचंच आहे हे. येळवशीचं बोलावणं आलं तर कुणी नाही म्हणत नसतं, अन् मोठ्या बाबूंचं बोलावणं तर कोण मोडणार. सकाळी हजेरीपटावर सही करायची, अकराला निघायचं, कडब्याच्या कोपीपुढं पांडवांना नैवेद्य दाखवायचा, मिसळभाजीची भज्जी अन् उंडे पोटभर खायचे, आंबील प्यायची, अन् तिथूनच ज्याच्या त्याच्या घरी. मी मडक्याच्या तोंडाला फडकं बांधून दिलं, वर दोन डझन बाजरीचे उंडे दिले, अन् माझ्या रोजच्या वहीत लिहिलं: हे अकराला आंबील घेऊन चुडाव्याला गेले. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. तेही लिहिलं पाहिजे.

कचेरीत एक हालचाल नोंदवही असते. कामासाठी बाहेर जाणाऱ्यानं त्यात नाव, जायची वेळ, कामाचं कारण, परतीची वेळ अन् सही टाकायची. बन्सीधरराव निघता निघता म्हणाले, "सटवाजी, आमच्या सगळ्यांचं वहीत टाका." सटवाजीभाऊंनी टाकलं. नऊ नावं. पहिल्या नावापुढं 'क्षेत्र पाहणी', खालच्या आठांपुढं 'वरीलप्रमाणे'. त्यात टायपिस्ट आला, ड्रायव्हर आला. अन् परतीची वेळही तेव्हाच घालून ठेवली, साडेचार. कारण ही मंडळी परत कचेरीत येतच नाहीत अन् मग रकाना रिकामा राहतो. रिकामा रकाना सटवाजीभाऊंना बघवत नाही.

जेवायला निघालेल्यांत दहावी सुकेशनी. परीक्षा देऊन नवीन लागलेली पोरगी. तिनं सकाळीच अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज ठेवला होता. बन्सीधरराव हसले होते म्हणे, "अगं माय, येळवशीला रजा टाकून जेवायला निघालीस? घासाला चव तरी लागंल का?" तीही हसली, पण अर्ज परत घेतला नाही. तिचं नाव म्हणून वहीत नव्हतं.

साहेब परभणीला बैठकीला. कचेरीत सटवाजीभाऊ एकटे. एक वाजून दहा मिनिटांनी दारात गाडी थांबली. जिल्ह्याच्या मोठ्या मॅडम. कुणाला न कळवता आलेल्या. पुढचं बोलणं भाऊंनी मला इतक्या वेळा सांगितलंय की तोंडपाठ झालंय.

"बाकीचे लोक?"

"शेतात गेलेत, मॅडम."

"कुणाच्या?"

"मोठ्या बाबूच्या. येळवस हाय न्हवं आज."

"तुम्ही नाही गेलात?"

"कचेरी उघडी हाय, मॅडम."

मॅडमनी नोंदवही मागितली. उभ्याउभ्या वाचली. "ही क्षेत्र पाहणी काय आहे?"

सटवाजीभाऊंनी टोपी सरळ केली.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आता किती वाजले?"

भाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "एक वाजून धा मिंटं."

"मग हे नऊ लोक साडेचारला परत कसे आले?"

"अजून यायचेत, मॅडम," भाऊ म्हणाले.

मॅडमनी लाल शाईनं वहीवर सही केली, वेळ घातली. टेबलावर म्हाळसाबाईनं दिलेला डबा होता. भाऊंना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी विचारलं, "थोडी आंबील घेता का?" मॅडम म्हणाल्या, "पाणी द्या." पाणी पिऊन गेल्या.

पुढच्या बुधवारी परभणीहून दहा नोटिसा आल्या. नऊ जेवायला गेलेल्यांच्या, अन् दहावी सटवाजीभाऊंची, खोटी नोंद घेतल्याबद्दल. नोटिसा नोंदवून घ्यायचं काम आमच्या ह्यांचं. तेव्हा स्वतःच्या नोटिशीला क्रमांक ह्यांनीच दिला. वाटायचं काम शिपायाचं. टपालवहीत देणाऱ्याची एक सही अन् घेणाऱ्याची एक. दहाव्या ओळीवर दोन्ही सह्या सटवाजीभाऊंच्या.

हे सगळं रविवारी मला हळूहळू कळलं. बुधवारपासून हे घरी नोटिशीचं एक अक्षर बोलले नव्हते. मी समजत होते पित्त झालंय.

सटवाजीभाऊ खुर्चीवर बसले. बसतात, पण पाठ टेकत नाहीत, घंटा वाजली की उठायला बरं. पिशवीतून त्यांनी दोन कागद काढले. एक नोटीस. दुसरा कॉम्प्युटरवर काढलेला खुलासा.

"मोठ्या बाबूनं धा प्रती काढल्यात. नाव तेवढं येगळं. माझ्या प्रतीवर सही राह्यली. वाचायला येतंय मला, पर ही सरकारी भाषा लय गोल फिरती. तुमी वाचून सांगा, काय म्हणायलाय कागद."

मी वाचलं. सर्व कर्मचारी त्या दिवशी नियोजित क्षेत्र पाहणीस गेले होते. परतीची वेळ अंदाजे नमूद केली. अन् भाऊंच्या प्रतीत एक जास्तीचं वाक्य: महोदयांच्या अचानक भेटीच्या वेळी वयोमानामुळे गोंधळून माझ्याकडून सणाबाबत चुकीची माहिती दिली गेली.

"वयोमानामुळं?"

"हो भाऊ. तसंच लिहिलंय."

"म्हंजे मला चळ लागलाय."

मी कागद खाली ठेवला.

"मोठे बाबू म्हणले, सटवाजी, सही केलीस तर धाच्या धा सुटतेत. न्हाई केलीस तर पयला तू, नोंद तुझ्या अक्षरातली. चौकशी लागली की पेन्शनचे कागद तिथंच अडकतेत, मग बस हेलपाटे घालीत." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हाळसाबाई बी म्हणायलीय, करून टाका सही. साऱ्या जन्मात एक डाव शाणपणा करा म्हणती."

"मग तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात व्हतं की पुस्तक कोरं घेऊन घरी जावं. बस."

तेवढ्यात हे भाजीची पिशवी घेऊन आले. भाऊंना बघून फाटकातच थबकले.

"काय सटवाजी, कागद वाचायला आमचंच घर सापडलं?"

"वहिनी वाचतेत चांगलं, बाबू. तुमची सही झाली का?"

"उद्या करायची हाय."

"करा. माझी न्हाई व्हायची ह्याच्यावर."

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. वांगी घरंगळली. "अहो, कशाला हरिश्चंद्र व्हायलात? एका जेवणाची गोष्ट. चार दिवस गेले की मॅडम बी इसरतेत. धा लोकाच्या ताटात माती नका कालवू."

"ताटावर मी न्हवतोच, बाबू. मी स्टुलावर व्हतो."

मला हसू आलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणून मी वांगी गोळा करायला लागले.

"तुमी काय लिवायचं त्ये तुमी लिवा," भाऊ म्हणाले, "मी तुमचं काय बी सांगायलो न्हाई. माझ्या हातानं जेवढं झालं तेवढंच सांगायलोय."

"पर तुमी खरं लिवलं की आमचं खोटं पडतंय!"

"त्ये मला बी कळायलंय. त्याला मी काय करू, सांगा."

मग भाऊ माझ्याकडं वळले. "वहिनी, तुमचं अक्षर पोथीवानी हाय. तुमी लिवा, मी सही करतो."

खरं सांगायचं तर मला नको वाटलं. हा माणूस खरं बोलतोय हे दिसत होतं, पण ज्या कागदावर तो सही करणार त्या कागदानं माझ्याच घरातल्या माणसाची नोकरी अडचणीत येणार. हे म्हणालेही, "आता माझ्याच बायकोनं लिवायचं का माझ्याविरुद्ध?"

मी फळीवरची वही काढली. रोज संध्याकाळी दिवा लावला की मी त्या वहीत दिवसाचं लिहिते अन् देवापुढं ठेवते. कुणी वाचावं म्हणून नाही. येळवशीचं पान काढून ह्यांच्यापुढं धरलं. "इथं काय लिहिलंय वाचा. आता हे खोडून मी क्षेत्र पाहणी लिहू का? सांगा, लिहिते."

ह्यांनी वाचलं. वाचून आत गेले अन् न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

मी लिहायला बसले. भाऊ सांगत होते, मी सरकारी भाषेत बसवत होते. मी लिहिलं, 'सदर नोंद माझ्याकडून अनवधानाने झाली.'

"अनवधानानं म्हंजे?"

"नकळत."

"नकळत न्हाई. कळून लिवलं मी. काढा त्ये."

खोडलं. दुसरा कागद घेतला. 'नोंद खोटी आहे हे माहीत असताना केली' असं लिहिलं. मी विचारलं, "कुणी सांगितलं म्हणून केली, तेही लिहू ना?"

"नगं."

"का? तेही खरंच आहे की."

"सांगणारानं सांगितलं. हात माझा व्हता." मग म्हणाले, "त्यानं माझी फाइल लावून धरली व्हती, वहिनी. रोजंदारीवरचा गडी मी."

मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. पण खुलासा त्यांचा होता. मी शेवटची ओळ घालणार, तोच ते म्हणाले, "आन् लिवा, मागची चार सालं बी मी अशीच नोंद केलीय."

"भाऊ, ते कुणी विचारलेलं नाही!"

"सांगायचं तर पुरं सांगावं. उद्या त्यांनी जुन्या वह्या काढल्या तर?"

"नाही काढल्या तर?"

"तरी बी लिवा."

लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं, ओठ हलवत. मोठ्या, वळणदार अक्षरात सही केली, टोपी घातली अन् गेले. मी परत परातीपाशी बसले. बाळकृष्ण चिंचेत राहून राहून लखलखीत झाला होता.

सोमवारी सकाळी हे पोहे खाता खाता म्हणाले, "तुझा तो पेन कुठं हाय?" कोऱ्या कागदावर तीन-चार ओळी लिहिल्या. मला वाचायला दिल्या नाहीत. संध्याकाळी कळलं की येळवशीच्या जेवणाला गेलो होतो, तो दिवस रजेत धरावा, असं लिहून दिलं. रजा शिल्लक नसेल तर पगार कापावा, असंही. बाकीच्या आठांनी छापील कागदावर सह्या केल्या.

मग कचेरीनं सटवाजीभाऊंना वाळीत टाकलं. नोटिशीत नसलेली शिक्षा ती. सकाळी अकराचा चहा यायचा, त्यात त्यांचा कप येईना. बन्सीधरराव त्यांना हाक मारायचे नाहीत, नुसती घंटा वाजवायचे. अन् भाऊ गेले की दुसरीकडं बघून फाइल पुढं सारायचे. टायपिस्ट एकदा सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "जपून बोला रे, स्टुलाला कान हायेत." भाऊ म्हणाले, "स्टुलाला न्हाईत, मला हायेत. बोला." सुकेशनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्यापुढं ठेवायची. तो मात्र ते प्यायचे. तिची कुठलीच चिठ्ठी आत जायची नव्हती.

आमच्या ह्यांचा कप बंद झाला नाही. ह्यांनीही चार ओळी खऱ्याच लिहिल्या होत्या, पण ह्यांच्या टेबलावाचून कुणाचं टपाल हलत नाही. हे मी ह्यांना बोलून दाखवलं. म्हणाले, "तू जरा गप ऱ्हा."

जानेवारीच्या शेवटी मॅडमनी सगळ्यांना परभणीला बोलावलं. छापील खुलासा देणाऱ्या आठांना एकच गोष्ट मागितली: क्षेत्र पाहणीचा अहवाल द्या. कोणाचं शेत, कुठलं पीक, काय पाहिलं. अहवाल कुठून येणार? ड्रायव्हर तेवढा बोलला म्हणे, "मॅडम, हरभरा चांगला व्हता." त्या आठांचा तो दिवस बिनपगारी झाला अन् प्रत्येकाच्या सेवापुस्तकात खोटा खुलासा दिल्याचा शेरा बसला. बन्सीधररावांचं हालचाल नोंदवहीवर देखरेख करायचं काम काढून सुकेशनीकडं दिलं. ह्यांचा एक दिवसाचा पगार गेला, शेरा नाही.

सटवाजीभाऊंचा कागद सगळ्यांत शेवटी आला. त्यांनीच आणला, टपालवहीत त्यांनीच दोन्हीकडं सह्या केल्या, अन् संध्याकाळी कचेरी बंद करून तो माझ्याकडं घेऊन आले. मी वाचला. जाणूनबुजून खोटी नोंद केल्याबद्दल सक्त ताकीद, सेवापुस्तकात नोंद घ्यावी. त्याखाली: मागील सेवा व स्वतःहून दिलेली माहिती विचारात घेता विभागीय चौकशी प्रस्तावित नाही.

"म्हणजे पेन्शनचे कागद अडकत नाहीत भाऊ," मी म्हटलं.

"त्ये कळलं मला. सुकेशनीनं सांगितलं."

"मग?"

"पुस्तक कोरं न्हाई राह्यलं."

"वाईट वाटलं?"

"वाटलं की. न्हाई कसं वाटंल? दुपारी डबा उघडला न्हाई. तसाच घरी नेला, तर म्हाळसाबाई म्हणली, उपास करा असं लिवलंय का ताकिदीत? दाखवा मला कुठं लिवलंय." ते हसले. "जेवलो मग."

मी त्यांना चहा दिला. घेतला. माझीही कुठली चिठ्ठी नव्हती.

नोंदवही आता साहेबांच्या दाराशी, स्टुलाजवळच, दोरीनं बांधून ठेवली आहे. सटवाजीभाऊ कुणाचं काही लिहीत नाहीत, पेन पुढं करतात अन् म्हणतात, "आपल्या हातानं." परतीच्या रकान्यावर लाकडी पट्टी आडवी ठेवतात. माणूस परत येऊन समोर उभा राहिला की पट्टी उचलतात. परवा खुद्द साहेबांनी सवयीनं दोन्ही वेळा घालायला हात पुढं केला, तर भाऊंनी पट्टी दाबून धरली. साहेब म्हणाले, "अहो, मी साहेब आहे." भाऊ म्हणाले, "व्हय साहेब. आल्यावर लिवा." लोक कुरकुरतात, पण लिहितात. कुणी सुधारलं असं मी म्हणणार नाही. हे अजूनही शुक्रवारी पाच वाजल्यापासून घड्याळाकडंच बघतात.

पेन्शनचे कागद तयार करायचं टेबल बन्सीधररावांचंच आहे. सटवाजीभाऊंना वाटलं होतं, आता हे कागद तळाला जाणार. आज दुपारी बन्सीधररावांनी घंटा न वाजवता हाक मारली. दीड-दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

"सटवाजी, इकडं या. सगळं हाय, एक जोडफोटो न्हाई. नवराबायकोचा एकत्र. सा प्रती. सोमवारी द्या, म्हंजे मंगळवारी परभणीला जाईल."

"बरं," भाऊ म्हणाले.

"अन् टोपी काढून काढा फोटो."

"बरं."

एवढंच बोलणं झालं. संध्याकाळी म्हाळसाबाई माझ्याकडं विचारायला आली, डोक्यावर पदर घेतलेला सरकारी फोटोला चालतो का, अन् हिरवं लुगडं नेसू की जांभळं. लग्नात फोटो काढला नव्हता म्हणाली. त्यानंतर आधार कार्डाचा काढला, त्यात ती रुसल्यासारखी दिसते. पदराचं मला सांगता आलं नाही. लुगडं जांभळं नेसा म्हटलं.

उद्या शनिवार, कचेरीला सुटी आहे. सकाळी दहा वाजता सटवाजीभाऊ म्हाळसाबाईला घेऊन स्टेशन रोडवरच्या स्टुडिओत जोडफोटो काढायला जाणार आहेत.